एकाच कुकरातलं पाणी

नाना पडले त्या आठवड्यापासून आमच्या घरात रविवारी आणि बुधवारी पायाचं पाणी शिजायला लागलं. नाना म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, सगळं आयुष्य कळवणजवळच्या मळ्यात कांदा पिकवण्यात गेलेलं, आणि आई गेल्यावर माझ्याकडे नाशिकला राहायला आलेले. बाथरूममध्ये पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. घरी आणलं त्याच दिवशी गावाहून भावाचा फोन आला, "ताई, बोकडाच्या पायाचं पाणी सुरू कर. हाड लवकर जुळतं." मग मावशीचा फोन, मग चुलतीचा, मग शेजारच्या काकूंनी दारातूनच तेच सांगितलं. बाई गं, तू ऑफिस करून हे कधी करणार, असं मात्र एकानेही विचारलं नाही.

मी बावन्न वर्षांची आहे. सीबीएसजवळच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघते. लग्न झालं होतं, मोडलं, तो विषय वेगळा. जेल रोडला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी, नाना आणि नानांची कुत्री असे तिघं राहतो. कुत्रीही मळ्यातलीच. आई गेल्यावर नाना गाडीत बसले तेव्हा ती गाडीमागे धावत फाट्यापर्यंत आली. नानांनी गाडी थांबवली आणि दार उघडलं. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. तांबूस रंगाची, एका कानाचा तुकडा गेलेली, आता नऊ-दहा वर्षांची असेल. नाना तिला 'माय' म्हणतात. मला आयुष्यभर 'ए बाई', आणि कुत्रीला माय! तिच्याशी बोलताना ते हमखास अहिराणीत शिरतात. "ये वं माय, खाई ले." इतक्या लाडानं मला कधी कोणी जेवायला बोलावलेलं आठवत नाही.

नाना पडायच्या आधी कुत्रीच्या जेवणाचं फारसं काही नव्हतं. भाकरी, वरण, कधी दूध. पण तिचे दात झिजले होते. दुकानातलं कोरडं खाणं आणून बघितलं, तर तिनं ते नाकानं ढकलून ढकलून वाटीबाहेर काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिचा अपमान केला. भाकरी ओली करून द्यावी तर कशात करू? दूध दिलं की पोट बिघडायचं, आणि फरशी पुसायला मीच.

त्या दिवसांत मी सकाळी साडेपाचला उठायची. नानांचं भांडं, अंग पुसणं, चहा, गोळ्या, कुत्रीला बाहेर फिरवणं, दोघांचं जेवण, माझा डबा. नऊला स्कूटी काढायची. दुपारी एक बाई येऊन नानांना वाढून जायची. सहाला परत आलं की नानांचे पायाचे व्यायाम, पुन्हा कुत्री, पुन्हा स्वयंपाक. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. कोणी चांगलं दोन शब्द बोललं तरी चिडायची मी. कुठलंही काम दिसलं की मनात एकच यायचं, यातलं काय कमी करता येईल?

एका रविवारी कुकर उघडला आणि बघत उभी राहिले. मोठा पाच लिटरचा कुकर, वर चरबीचे पिवळे डोळे तरंगताहेत, वास घरभर. नाना पिऊन पिऊन पिणार किती, दोन पेले? म्हटलं, यातलंच कुत्रीला द्यावं. भाताशी, नाहीतर कुस्करलेल्या भाकरीवर. एकच कुकर, दोघांची सोय. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं सुचलं.

ते पाणी मी आई करायची तसंच करायची. पायाचे तुकडे भाजून, खरवडून, स्वच्छ धुऊन घ्यायचे. दोन मोठे कांदे, अख्खा गड्डा लसूण, आल्याचा तुकडा, हळद, मीठ. भरपूर पाणी. आधी शिट्ट्या, मग मंद आचेवर तासभर. मसाला पडायच्या आधी जे काढून ठेवतात ते हे अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं, पाणी. आमच्याकडे घरात कोणी आडवं झालं की आई हेच करायची. बाळंतिणीला हेच, ताप उतरलेल्या पोराला हेच, दात गेलेल्या म्हाताऱ्याला हेच. मसाला नाही, तिखट नाही, पोटाला त्रास नाही. म्हणजे कुत्रीला तर फारच चांगलं, नाही का? कांदा-लसणाचा विचार डोक्यात आलाच नाही. कांदा आमच्या घरात मसाल्यात धरतच नाहीत. पाणी घातलं असं कोणी सांगतं का, तसं कांदा घातला हे कोणी सांगत नाही. भाऊ दर दोन महिन्यांनी मळ्यातून गोणी पाठवतो, ती जिन्याखाली असते, आणि माझा हात न बघता तिकडे जातो.

एक गोष्ट मात्र मला पक्की माहीत होती. शिजलेलं हाड कुत्र्याला द्यायचं नसतं, ते मोडून टोकदार होतं आणि घशात, आतड्यात अडकतं. गल्लीतल्या एका कुत्र्याचं तसं झालेलं मी पाहिलं होतं. म्हणून मी ते पाणी गाळून घ्यायची. एकदा मोठ्या गाळणीतून, एकदा चहाच्या गाळणीतून. हाडाचा बारीक कणसुद्धा जाऊ द्यायची नाही. वर राहिलेला कांदा, लसूण, हाडं, सगळं कचऱ्यात. खाली नुसतं सोनेरी पाणी. नानांच्या पेल्यात मिरपूड, कुत्रीच्या वाटीत भात. इतकी काळजी घेते म्हणून मी स्वतःवर खूश होते.

पहिले दोन महिने कुत्री ताटली चाटून पुसून लख्ख करायची. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. नानाही वॉकर धरून चालायला लागले. पलंगापासून दारापर्यंत, मग दारापासून फाटकापर्यंत. कुत्री दोन पावलं पुढे जायची, वळून बघायची, थांबायची. नाना म्हणायचे, "थांब वं माय, आलो." त्या दोघांना फाटकाशी उभं बघून मी स्कूटी काढायची. तेवढं एक दृश्य दिवसात बरं असायचं.

मग हळूहळू कुत्री मंदावली. आधी फाटकापर्यंत जाऊन बसायला लागली, मग दारातच. पायरी चढताना थांबायची. काही न करता धापा टाकायची. पहिल्यांदा ते नानांच्याच लक्षात आलं.

"बाई, माय थकली गं."

"मीपण थकलेय नाना. मला कोण विचारतंय?"

मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायलासुद्धा ताकद लागते. मी दुसरंच केलं. अशक्त झालेल्याला आपण काय देतो? पाणी वाढवतो. मी कुत्रीची एका वाटीची दीड वाटी केली. आणि हे मला नंतर कळलं, की नानाही आपल्या पेल्यातलं अर्धं तिच्या वाटीत ओतायचे. "हिला माझ्यापरीस जास्त गरज हाय." ती जितकी उतरत गेली तितकं आम्ही दोघं तिला जास्त पाजत गेलो.

एका शनिवारी सकाळी तिनं अंगणात लघवी केली ती गुळाच्या पाण्याच्या रंगाची. रिक्षा बोलावली. नाना म्हणाले, मीबी येणार. म्हटलं, नाना, वॉकर घेऊन रिक्षात कसं जमेल? ते ऐकेनात. शेवटी कुत्री माझ्या मांडीवर, वॉकर पायांत आडवा, नाना कडेला धरून, अशी आमची वरात जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाची. बोलणं हळू, हात झपाझप. तिनं कुत्रीचा ओठ वर केला आणि मला दाखवला. हिरड्या पांढऱ्या, भिंतीला चुना लावावा तशा. "रक्त खूप कमी झालंय," ती म्हणाली. "गोचीड ताप असू शकतो, तपासायला रक्त घेते. एक सांगा, खाण्यात कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, यातलं काही जातं का?"

मी म्हटलं, "छे!"

नाना म्हणाले, "कांदा देतो की. मी भाकर खाताना. कधीमधी एखादी पाकळी. आवडती तिला."

"आजोबा, कांदा कुत्र्याला विष असतो."

नाना हसले. खरंच हसले. "कांदा? विष? अवो डॉक्टरीणबाई, साठ वर्सं कांदा काढला म्या. ऊन लागलं तर कांदा, चक्कर आली तर कांदा, विंचू चावला तरी कांदाच. मळ्यातली समदी कुत्री कांद्या-भाकरीवर जगली."

आणि मी, ज्या बाईनं आठवडाभर कोणाशी धड शब्द बोलला नव्हता, ती भर दवाखान्यात ओरडले. "तुम्हीच मारताय तिला, नाना! स्वतःच्या हातानं मारताय!"

बाकावर मांजर घेऊन बसलेल्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, "असं नका बोलू. आधी रक्त बघू या." नानांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग ते हळूहळू गेलं.

त्या दुपारपासून नानांनी कांदा सोडला. ताटात ठेवला तर कडेला सारायचे. कांद्यावर सगळं घर उभं केलेला माणूस, आणि कांद्याशिवाय पिठलं-भाकरी खायला लागला, तीही अर्धी. आणि कुत्री पलंगाशी आली, गादीच्या कडेवर तोंड टेकलं, की भिंतीकडे वळून झोपायचे. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्या हाताला वास हाय. जाईना तो. नको जवळ यायला." कुत्री तशीच उभी राहायची. पाय थकले की तिथेच पलंगाखाली बसायची.

बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून मी एकटीच रिपोर्ट आणायला गेले. गोचीड ताप नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तांबड्या पेशींवर जे ठिपके दिसतात ते कांदा-लसणानं झालेल्या नुकसानीत दिसतात. मी म्हटलं, म्हणजे नानांनीच केलं. तिनं मला थांबवलं.

"किती द्यायचे ते?"

"बोटाच्या पेराएवढी पाकळी. आठवड्यातून एखादवेळ."

"एवढ्यानं इतकं रक्त सहसा उतरत नाही. रोजचं जेवण काय आहे तिचं? नीट सांगा."

मी नीट सांगितलं. अगदी अभिमानानं सांगितलं. पाया कसा भाजते, कसा धुते, किती वेळ शिजवते, दोन कांदे, गड्डाभर लसूण, आणि दोनदा गाळते. तिचं पेन थांबलं.

"गाळते ना मी, डॉक्टर," मी म्हटलं. "कांद्याचा तुकडासुद्धा जात नाही तिच्या पोटात."

"ताई, चहा गाळला की गाळणीत काय राहतं? पत्ती. चहा कुठे जातो?"

तिनं पेन खाली ठेवलं.

"कांद्यात जे कुत्र्याला बाधतं ते पाण्यात उतरतं. शिजवून मरत नाही, गाळून निघत नाही. लसणाचं तर त्याहून वाईट. किती दिवस देताय?"

"सहा महिने," मी म्हटलं. आणि मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, "मध्ये वाढवलं. ती अशक्त झाली म्हणून."

तिनं मला दोष दिला नाही. कोणत्या घासानं किती झालं हे कोणी सांगू शकत नाही, असंही म्हणाली. पण मला हिशेब कळत होता. नानांची पेरभर पाकळी आणि माझा पाच लिटरचा कुकर. मला इतकी लाज वाटली की उठून जावंसं वाटलं.

मी म्हटलं, मग बाजारात त्या सूपच्या वड्या मिळतात, त्या पाण्यात टाकल्या तर? ती पहिल्यांदा हसली. पाकीट उलटं करून वाचा, म्हणाली, त्यात कांद्याची पूड आणि मीठ हेच मुख्य. मग चिठ्ठीच्या मागे तिनं मला लिहून दिलं, शाळेतल्या मुलीला द्यावं तसं. नुसतं हाड किंवा मांस आणि पाणी, बाकी काही नाही. मीठसुद्धा नाही. शिजलं की गाळून सगळी हाडं बाहेर, कचऱ्याच्या डब्याला झाकण, म्हणजे ती तोंड घालणार नाही. पाणी ओट्यावर दिवसभर ठेवायचं नाही, पसरट भांड्यात ओतून लवकर निववायचं आणि फ्रीजमध्ये. सकाळी वर चरबीचा थर गोठतो तो काढून टाकायचा, नाहीतर पोट बिघडतं. तीन दिवसांत संपवायचं, जास्तीचं बर्फाच्या ट्रेमध्ये. देताना कोमट, आणि भात-मांसावर दोन-तीन चमचे. "ते जेवण नाही, जेवणाला चव आहे," ती म्हणाली. जी वाटी मी पोटभर जेवण समजून तिला देत होते, ती मुळात जेवणच नव्हती.

घरी येताना पूर्ण रस्ताभर ठरवलं होतं, आल्या आल्या नानांना सांगायचं. दार उघडलं तर ते बसून होते, वाट बघत.

"काय म्हनल्या डॉक्टरीणबाई?"

"गोचीड ताप नाही."

"मंग कांदाच."

मी म्हटलं, "हं."

एवढंच. खोटं बोलले नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली. कांदाच होता ना? खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. सहा महिने घर मी ओढत होते, सगळ्यांचं सगळं मी करत होते, आणि एकदा तरी चूक दुसऱ्या कोणाची तरी निघाली होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

मग घरात दोन कुकर लागायला लागले. मोठ्यात नानांचं, छोट्यात कुत्रीचं. दोन गाळण्या, दोन पातेली, फ्रीजमध्ये दोन डबे, एकावर लाल धागा बांधलेला. रविवारी सकाळी ओट्याशी उभी राहिले की बारा वाजायचे. कुत्रीला औषधं, चार-चार दिवसांनी दवाखाना. एकदा रक्त इतकं उतरलं की दुसऱ्या कुत्र्याचं द्यावं लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण ते टळलं. हळूहळू हिरड्यांना गुलाबी रंग आला. मी रोज सकाळी तिचा ओठ वर करून बघायची. ती कंटाळून तोंड फिरवायची.

रक्त भरलं, पण ती जेवेना. दोन घास खायची आणि वाटी सोडून नानांच्या पलंगाशी जाऊन उभी राहायची. नाना भिंतीकडे. आणि नानांचं तर सगळंच थांबलं होतं. चालणं बंद. "चला नाना, फाटकापर्यंत," म्हटलं की "उद्या". पुढे जाऊन वळून बघणारं कोणी नव्हतं ना. व्यायाम घ्यायला येणारा मुलगा मला दारात गाठून म्हणाला, "ताई, आजोबा जोर लावत नाहीत. सांधा आखडायला लागलाय. हे दिवस गेले की मग परत नाही येत. पुढे वॉकरसुद्धा कठीण होईल." तो गेला आणि मी दाराला टेकून उभी राहिले. माझ्या त्या एका 'हं'पायी माझा बाप पांगळा होणार होता. आणि मी अजून ठरवत होते की आज सांगू का रविवारी.

रविवारी सांगितलं. कुकर बंद केला, हात पुसले, पलंगाच्या कडेवर बसले.

"नाना, तुमच्या कांद्यानं झालं नाही ते."

त्यांनी मान वळवली.

"मी जे पाणी द्यायची ना तिला, तुमच्यातलंच. त्यात कांदा-लसूण असायचा. गाळला तरी उतरतो. सहा महिने मीच देत होते. तुमची एखादी पाकळी काय हो. माझ्या कुकरानं झालं."

कुत्री पलंगाखाली होती, तिची शेपटी दोनदा फरशीवर आपटली.

"तुला कवा कळलं?"

"रिपोर्ट आणला त्या दिवशी."

"म्हंजे दोन म्हयनं झालं."

"हो."

"दोन म्हयनं," नाना म्हणाले, "म्या हिला हात नाय लावला."

नाना, मी दमले होते, असं तोंडाशी आलं होतं. पण ते खरं असलं तरी त्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "जा" म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "साबण आन." मी परात, तांब्या आणि साबण नेऊन ठेवला. माझ्याकडे न बघता त्यांनी हात धुतले. दोनदा धुतले, नखांच्या खालीसुद्धा घासले, धोतराला पुसले, हुंगून बघितले. मग म्हणाले, "ये वं माय." कुत्री पलंगाखालून निघाली ती सगळी थरथरत निघाली. तिचं डोकं त्यांच्या दोन्ही हातांत होतं आणि नाना रडत होते, आणि मला तिथे थांबायचा काही हक्क नव्हता, म्हणून मी आत आले.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवायचे, एवढंच. सोमवारी सकाळी स्कूटी काढताना बघितलं, नाना वॉकर धरून दारात. मंगळवारी फाटकाशी. कुत्री दोन पावलं पुढे, वळून बघत. मी हात केला. नानांनी केला नाही. म्हटलं, ठीक आहे, हे आपलं आपण ओढवून घेतलंय.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आले, पर्स खुंटीला अडकवली आणि सरळ ओट्याशी. छोटा कुकर लावला, मोठा धुवायला घेतला. पाया भाजायला ठेवला, कांदे घ्यायला जिन्याखाली गेले. परत आले तर स्वयंपाकघराच्या दारात नाना उभे. पडल्यापासून स्वयंपाकघराकडे पहिल्यांदाच आलेले. मागे कुत्री.

"किती वेळ उभी ऱ्हाशील?"

तीन दिवसांनी त्यांचा आवाज माझ्यासाठी होता. मी म्हटलं, "दोन कुकर आहेत नाना. आठ तरी वाजतील."

"एक काढ."

"तिचं नाही बंद करता येणार. ती आत्ता कुठे—"

"तिचं कोण बंद कर म्हनतंय? माझा काढ. तिच्यातलंच दे मला. मीठ मला वरून घालता येतं. कांदा म्या फोडून घेईन हातानं." मग वॉकरवर हात घट्ट धरून म्हणाले, "तू दमतीस, म्हून झालं हे. ते मला दिसत व्हतं. म्या म्हनलं, दमले म्हून तूच सांगशील."

मी कांदे ओट्यावर ठेवले आणि तिथेच, भाजणाऱ्या पायाच्या धुरात, मोठ्यानं रडले. कोणी बघेल याची लाजही वाटली नाही. नाना काही जवळ आले नाहीत, त्यांना यायचं तर वॉकर वळवावा लागला असता. ते म्हणाले, "करपतंय ते. गॅस बारीक कर."

त्या संध्याकाळी त्यांनी बिनमिठाच्या, बिनकांद्याच्या त्या पाण्याचा एक घोट तोंडात घेतला आणि चेहरा असा केला की मला हसू फुटलं. "माय कशी काय पिती गं हे?" मग मीठ घातलं, मिरपूड घातली, पिऊन टाकलं. कांदा बुक्कीनं फोडला, अर्धा माझ्या ताटात टाकला. दोन महिन्यांनी कांदा खाल्ला त्यांनी, भाकरी पूर्ण संपवली. मग हात धुवायला स्वतः उठले, आणि हात धुवून झाल्यावरच कुत्रीला हाक मारली.

त्या बुधवारपासून आमच्याकडे एकच कुकर लागतो. हाडं आणि पाणी, बाकी काही नाही. आधी तिचं काढते, मग नानांचं, मग माझं. मीठ ज्यानं त्यानं वरून घ्यायचं.